हात मागे

दवाखान्यासमोरचा ब्रेकर परवा उखडला. रस्ता गुळगुळीत करायला घेतलाय म्हणे. मी पेन्शनीचा माणूस. सकाळी फिरायला म्हणून रायपुरातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातून निघतो आणि पाय सवयीनं जुन्या नोकरीकडे वळतात. जाऊन बघतो तर ब्रेकरच्या जागी खड्डा, शेजारी डांबराची ढेकळं आणि बिडी ओढत बसलेले मजूर. त्या ब्रेकरला शिव्या घातल्या नाहीत असा स्कूटरवाला आमच्या भागात सापडायचा नाही. मीही घातल्यात. पण तिथं उभा राहिलो आणि मला एकदम भरून आलं. एका मजुरानं विचारलं, "का होगे कका? कुछु गिर गे का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा," आणि घरी आलो. त्याला काय सांगणार, की हा ब्रेकर आमच्या खानझोडेबाईंचा होता?

डॉक्टर सिंधू खानझोडे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टर आणि मी तिथला बाबू. बाई मूळच्या वर्ध्याकडच्या, आर्वीच्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, सुती साडी गुडघ्याच्या जरा खालीच थांबलेली आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. चष्म्याला सुतळी बांधलेली, कारण गायीच्या शिंगानं दोनदा चष्मा उडवला होता आणि तिसऱ्या चष्म्याला बाई तयार नव्हत्या. कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू असायचं. लग्न केलं नव्हतं. कुणी चौकशी केलीच तर म्हणायच्या, "कुंकवाले नवरा लागते हे कोणी सांगतलं तुमाले?"

आम्ही मोघे भोसल्यांच्या अमदानीत रायपुरात आलो आणि इथलेच होऊन गेलो. आमच्या मराठीत 'मतलब' आणि 'चूँकि' कधी शिरले ते आजोबांनाही सांगता आलं नसतं. मुलगा तर मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो. बाईंना या सगळ्याची भारी गंमत वाटायची. "मोघेबाबू, तुमी मराठी बोलून राहिले का हिंदीले लुगडं नेसवून राहिले?" असं भर ऑफिसात विचारायच्या. मी मनातून चिडायचो आणि तोंडानं हसायचो. बाबू लोकांना ते जमतं.

आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे आर्वी. इथला पाऊस, इथला भात, इथली वांगी, इथले मच्छर, कशाचाही विषय निघू दे, बाई नाक उडवून म्हणणार, "आर्वीले असं नसते." भाताच्या मुलखात राहून त्यांनी ज्वारीची भाकरी सोडली नाही. आमची ही म्हणायची, "इतकं आहे तर जात का नाहीत तिकडं?" मी म्हणायचो, जातील. बाई स्वतःही म्हणायच्या, नोकरी संपली की दुसऱ्या दिवशी इथं दिसायची नाही. आम्ही सगळे ते ऐकून घ्यायचो, जसं घरातल्या म्हाताऱ्यांचं काशीला जाणं ऐकून घेतो.

आता त्या ब्रेकरचं सांगतो. गाडीतून गुरं न्यायची तर डॉक्टरचा कागद लागतो, की जनावर प्रवासाला धड आहे आणि गाडी त्याला न्यायला धड आहे. बाई येण्यापूर्वी हे काम फार सुखाचं होतं. मी कागद भरायचो, डॉक्टरसाहेब सही करायचे, ड्रायव्हर लिंबाखाली चहा पीत बसायचा आणि गाडी बहुतेक वेळा दवाखान्याच्या दारापर्यंतही यायची नाही. बाईंनी आल्या आल्या या सुखावर पाणी ओतलं.

पहिला बकरा झाला तो मनहरण. अभनपुरकडचा ड्रायव्हर, काडीसारखा पोरगेला माणूस, गालात गुटखा. तिकडच्या बाजारातून घेतलेल्या गायी डेअरीवाल्यांकडे पोचवायचं काम त्याच्याकडे असायचं. तो कागदासाठी हात पुढे करून उभा. बाई म्हणाल्या, गाडी दाखव. गाडीला त्यांनी एक चक्कर मारली, मागच्या फाळक्यावरून आत चढल्या, पत्र्याच्या तळावर बूट घासून बघितला. बूट सर्रकन घसरला. खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "चाबी दे."

"काबर मैडम?" कशाला, असं त्यानं छत्तीसगढीत विचारलं.

"मैं चलाती हूं. तू पीछे जा. गाय जहां खड़ी रहेगी वहां खड़ा रह. मुंह इंजिन की तरफ. हाथ पीछे."

मनहरणला वाटलं चेष्टा आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही तसंच वाटत होतं. मग तो चढला आणि वरच्या दांड्याला धरून उभा राहिला. बाईंनी काठी त्या दांड्यावर आपटली. "पकड़ना नहीं. गाय के हाथ होते क्या?" आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "गुराले हात राहत नाही, मोघेबाबू. आपण धरून राहतो, ते पडते."

त्या गाडी चालवणार कशा, हा माझा प्रश्न तोंडातच राहिला. पूर्वी बस्तरकडे नोकरीत असताना तिथला जीपचा ड्रायव्हर दुपारनंतर शुद्धीत नसायचा, म्हणून बाई जीप शिकल्या, आणि पुढे हट्टानं मोठ्या गाडीचं लायसनही काढलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त पदर खोचून स्टिअरिंगवर बसलेल्या खानझोडेबाई दिसल्या आणि धुराळा दिसला. गाडी उरल्याकडे गेली. तिकडं लोखंडाचे कारखाने, त्यांच्या ट्रेलरांनी रस्त्याची चाळण केलेली. शिफ्ट सुटलेल्या कामगारांनी म्हणे रस्त्यात उभं राहून हा तमाशा पाहिला. परत येताना दवाखान्यासमोरचा हा ब्रेकर आला. बाईंनी वेग कमी केला नाही, कारण मनहरण तरी कुठे करत होता? तो आत आडवा झाल्याचा आवाज मी टेबलाजवळ बसून ऐकला.

बाई मागे गेल्या. फाळका उघडला आणि एवढंच विचारलं, "कहां लगा?"

मनहरणनं कोपर दाखवलं, कंबर दाखवली, कपाळ दाखवलं. कोपर कुठे आपटलं, कपाळ कुठे, ते विचारून बाईंनी त्या त्या जागी खडूनं फुली मारली. बाईंच्या पर्समध्ये औषधांपेक्षा खडूच जास्त असायचे. "जहां निशान है वहां पैरा भरा बोरा बांध. नीचे मिट्टी डाल, उस पर पैरा. फिर आ." बोरा म्हणजे पोतं, पैरा म्हणजे भाताचं तणीस. छत्तीसगडात त्याला तोटा नाही, ते एक बरं.

मनहरण शिव्या घालत गेला, बोरे बांधून आला आणि पुन्हा नापास झाला. तिसऱ्या खेपेला तो हात मागे बांधून ब्रेकरवरून सरळ उभा राहून आला, तेव्हा समोरच्या चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी सही केली आणि त्याला आपल्या डब्यातली भाकरी दिली. त्यानं ती खाल्ली की गायीला घातली, देव जाणे.

बघता बघता 'मैडम की परीक्षा' अशी या प्रकाराची ख्याती झाली. ड्रायव्हर लोक आपसात चर्चा करायचे, गुडघे थोडे वाकवून उभं राहायचं का, पाय फाकवून राहायचं का. मग त्यांच्या लक्षात यायचं की गाडी हळू चालवली तर यातलं काहीच लागत नाही, पण गाडी चालवत असायच्या बाई. तक्रारी वर गेल्या. वरून फोन आले. बाई फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणायच्या, "या ना सर, आपण पण एक फेरी मारून बघा." साहेब काही आले नाहीत.

शेठजी मात्र आले. शहरातले मोठे दानशूर, नाव कशाला घ्या. अभनपुरच्या पुढे एका गोशाळेला ते दरवर्षी गायी द्यायचे. त्या वर्षी दवाखान्यासमोर वाजंत्री, फुलांच्या माळा, फोटोवाला, सगळं घेऊन आले. गायींना हळदकुंकू लावलेलं आणि एकाच ट्रकात त्या अशा ठासून भरलेल्या की एकीच्या गळ्यातली माळ दुसरी खात होती. शेठजी हात जोडून म्हणाले, "डॉक्टर साहिबा, पुण्य का काम है. दस्तखत कर दीजिए."

बाईंनी आधी ट्रकाच्या फटीतून हात घालून एका गायीला स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला. हे त्या रोज करायच्या, दवाखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी दारातल्या पहिल्या जनावराला. मग म्हणाल्या, "पुण्य का काम है, तो थोड़ा आप भी खड़े हो जाइए सेठजी. गोमाता के साथ."

आता एवढ्या लोकांसमोर, फोटोवाल्यासमोर, नाही कसं म्हणणार? शेठजी चढले. अंगात पांढरा झुळझुळीत कुर्ता. बाई म्हणाल्या, "हाथ पीछे." वाजंत्रीवाल्यांना वाटलं हाही विधीचाच भाग, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. बाईंनी उरल्यापर्यंत नेलं नाही, वयाचा मान ठेवला. पुढच्या चौकापर्यंत गेल्या आणि वळून आल्या. ब्रेकरवर वाजंत्री थांबली, कारण आतून शेठजींचा आवाज आला, आणि एका गायीचाही.

उतरले तेव्हा कुर्त्याचा रंग सांगण्यासारखा राहिला नव्हता. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. शेठजींनी कुर्ता झटकून पाहिला. मग ट्रकाकडे पाहत हळूच म्हणाले, "आधी गायें उतार दो. दूसरी गाड़ी मंगवाते हैं." बाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवून पाणी दिलं. त्या वर्षापासून शेठजींच्या गायी दोन गाड्यांतून ऐसपैस जायला लागल्या आणि रस्त्यात कुठे बाई दिसल्या की ते मोटार थांबवून नमस्कार करायचे. माणूस वाईट नव्हता. ट्रकाच्या मागच्या बाजूनं त्यानं कधी प्रवास केला नव्हता, इतकंच.

हे सगळं ऐकून वाटेल, बाईंचं कधी चुकलं नाही. चुकलं. आणि ते असं चुकलं की दुसऱ्या कुणाचं चुकलंच नसतं, कारण दुसऱ्या कुणाला गुरं पाहून इतका संताप आला नसता.

उन्हाळ्याची दुपार होती. बाजारातून भरलेला एक ट्रक दारात आला. आत शिंगं कुणाची, शेपट्या कुणाच्या काही कळत नव्हतं आणि सगळ्यांच्या पायांमध्ये एक पांढरी कालवड कशीबशी उभी. बाईंच्या डोळ्यांत रक्त उतरलं. परीक्षा वगैरे काही नाही, त्या ओरडल्याच, "उतारो! अभी के अभी, सब उतारो!"

ड्रायव्हर गयावया करत होता, "ढलान नइ हे मैडम." उतरवायला उतार नाही, हे तो खरंच सांगत होता. आमच्या दवाखान्याला तेव्हा गुरं उतरवायचा चौथरा नव्हता. बाईंना ऐकूच आलं नाही. फाळका पडला, गुरं बिथरली, एकामागून एक उंचावरून सिमेंटवर उड्या टाकू लागली. मोठी निभावली. शेवटी ती कालवड. तिचे मागचे पाय पसरले आणि जो आवाज झाला तो मी अजून विसरलेलो नाही. बाई कॅनव्हासच्या बुटांसकट तिथंच सिमेंटवर बसल्या. मग सरकत जाऊन कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं.

हाड जुळलं, पण डावा मागचा पाय कायमचा लोंबता राहिला. मालकानं जनावर सोडून दिलं. बाईंनी तिचं नाव पाखरी ठेवलं आणि ती चालायला लागल्यावर तिला तात्यापाऱ्यात घरी नेलं. गाडीतून नाही. दवाखान्यापासून घरापर्यंत पायी, तिच्या गतीनं, रस्ताभर मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना काठी दाखवत. बाईंचं भाड्याचं घर आमच्या घरामागेच, मागे मातीचं अंगण आणि पेरूचं झाड. तिथं पाखरी राहिली, वाढली, दूध दिलं, म्हातारी झाली. रोज संध्याकाळी बाई तिच्या डाव्या बाजूला तिची पाठ घासत उभ्या असायच्या आणि ती अंगाचा सगळा भार यांच्यावर टाकून डोळे मिटायची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसायचं.

दवाखान्यामागे उतार मात्र त्यानंतर झाला. बाईंनी परीक्षेला नवा नियम लावला. जो नापास होईल त्यानं घमेलंभर माती मागच्या जागेत टाकायची. रायपुरात नापासांना तोटा नव्हता. वर्षाच्या आत असा छान चौथरा उभा राहिला की गाय सपाटीवर चालल्यासारखी खाली येई. मनहरण नंतर पास होऊनसुद्धा माती टाकायचा. मी विचारलं, "काबर?" तर म्हणाला, "आदत हो गे हे."

त्या दुपारबद्दल बाई माझ्याजवळ एकदाच बोलल्या. अंगणात चहा पीत होतो. पाखरीकडे पाहत म्हणाल्या, "त्या ट्रकात ती उभी होती, मोघेबाबू. मी उतरवली म्हणून मोडली." मी काहीतरी समजूत घालायला गेलो. बाई म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राहिला." त्यानंतर त्यांनी पाखरीला कधी कुठल्या गाडीत चढवलं नाही. आर्वीला भावाच्या घरी लग्न निघालं तरी दोन दिवसांत परत यायच्या, पाखरीसाठी.

मग बाई रिटायर झाल्या. दुसऱ्या दिवशी दिसायची नाही म्हणणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशीही दिसल्या, आणि त्यानंतरही रोज. आर्वीची ट्रेन रोज होती, पण पाखरीला ट्रेन नव्हती आणि गाडी सोसणार नव्हती. अशी काही वर्षं गेली. मला वाटतं, ती बाईंची सुखाची वर्षं होती. मग घरमालकानं घर आणि अंगण दुकानांसाठी विकलं. बाईंना आमच्या घरात वरची खोली देता आली असती, आमची ही तसं म्हणालीही. पण वरच्या खोलीत गाय कशी चढणार?

बाई जागा शोधत फिरल्या. शेठजींनी गोशाळा देऊ केली. बाई जाऊन पाहून आल्या. सगळं उत्तम, पण गोठ्यात चकचकीत फरशी. "पाखरी घसरंल तिथं," म्हणाल्या. दुसरीकडे माती होती, पण गुरांची गर्दी. तिसरीकडचा माणूस आवडला नाही. आर्वीहून भावाचा फोन यायचा, "ताई, घेऊन ये. गोठा रिकामाच आहे." बाई म्हणायच्या, "कशी आणू? उचलून?" आणि फोन ठेवून अंगणात जायच्या.

शेवटी एक दिवस त्या पाखरीला चालवत दवाखान्यात घेऊन गेल्या, आर्वीच्या प्रवासाचा कागद घ्यायला. मीही सोबत होतो. तिथं आता नवे डॉक्टर होते, मराठी घरातलाच मुलगा, पण बोलायचा हिंदी. त्यानं उभं राहून स्वागत केलं. "मैडम, आपने क्यों तकलीफ की? आप बोलतीं तो मैं साइन करके भेज देता."

"न पाहता?" बाई कडाडल्या. "पाहा तिला. चालवून पाहा."

मुलानं पाखरीला चालवलं, वळवलं, मागच्या पायावर हात ठेवला. तिला पुन्हा दोन पावलं चालवलं. मग म्हणाला, "मैडम, ये फिट नहीं है. ट्रक में खड़ी नहीं रह पाएगी."

मला वाटलं आता बाई बरसणार. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरोबर," म्हणाल्या. "मी बी हेच लिवलं असतं." आणि मग त्या त्यांच्याच जुन्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या, जिथं ड्रायव्हर लोक बसायचे. इतक्या वर्षांत मी बाईंना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा असा झाला होता की मी फायली लावायला लागलो. मी तेव्हा रिटायर झालेलो होतो, त्या फायलींशी माझा काही संबंध नव्हता.

मग बाईच म्हणाल्या, "तीन पायांवर उभी राहते ती. चौथा मी होईन. डाव्या बाजूनं."

"मैडम, आर्वी तक? खड़े होकर?"

"थांबत थांबत. रस्त्यात जागोजागी दवाखाने आहेत, वळखीचे डॉक्टर आहेत. उतार पाहूनच उतरवीन." हे शेवटचं वाक्य त्या पाखरीकडे पाहून बोलल्या.

मी म्हटलं, "बाई, तुमचं वय काय, गुडघे काय, हे काय बोलता?" त्या म्हणाल्या, "मोघेबाबू, तुमी मधात नका बोलू. तुमाले गाडीचं काही समजत नाही." ते खरं होतं. मुलानं शेवटी सही केली, पण वर लिहिलं, की सोबतचा माणूस डाव्या बाजूला उभा राहील तरच. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि हसल्या.

गाडी अर्थात मनहरणची. त्याचेही केस पांढरे झाले होते. तळाला माती, त्यावर गुडघाभर पैरा, चारी बाजूंना बोरे, पाण्याची टाकी, सगळं त्यानं असं केलं होतं की फुली मारायला जागा नव्हती. तरी बाईंनी खडू काढून एका कोपऱ्यात मारलीच. निघायच्या सकाळी पाखरी दवाखान्यामागच्या त्या नापासांच्या उतारावरून हळूहळू वर चढली. चढताना मध्येच थांबली, तेव्हा आम्ही सगळेच थांबलो. बाई तिच्या कानाशी काही बोलल्या आणि ती आत गेली.

निघायच्या आधी बाई आमच्या हिला भेटल्या. ही रडायला लागली तर म्हणाल्या, "काहून रडतेस? आर्वीले जाऊन राहिली ना मी." आणि मग, मला कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं ते म्हणाल्या, "रायपूर सोडवत नाही व बाई." मी दुसरीकडे पाहिलं. आर्वीला असं नसतं म्हणणाऱ्या बाईंना आता तिथं गेल्यावर काय काय नसेल, हे आत्ताच दिसायला लागलं होतं.

पुढचं सगळं फोनवरचं. दोघी धडपणे पोचल्या. पाखरीला भावाच्या गोठ्यातली काळी माती मानवली. बाई फोनवर सांगायच्या, इथला तांदूळ खाववत नाही, रायपूरले असं नव्हतं. मी खूप हसायचो आणि फोन ठेवल्यावर कुठे तरी रिकामं वाटायचं. येतो येतो म्हणून आर्वीला जाणं राहूनच गेलं. मग पाखरी गेल्याचं बाईंनी कळवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्याचं त्यांच्या भावानं. फोन आला तेव्हा मी बाईंचं अंगण होतं तिथल्या मोबाईलच्या दुकानात रिचार्ज करत होतो.

माझ्यापुरत्या बाई आहेत त्या निघायच्या सकाळच्याच. मनहरण केबिनमध्ये चढण्यापूर्वी मागे आला. बाई म्हणाल्या, उरल्याचा फेरा मारून गाडी एकदा तपासून पाहू, चाबी दे. मनहरण चावी आपल्या मुठीत धरून म्हणाला, "चाबी मोर करा हे, मैडम. आज आप पीछे." आणि मग गंभीर तोंड करून म्हणाला, "मुंह इंजिन की तरफ. हाथ पीछे."

आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. शाळेतल्या मुलीसारख्या त्या वळल्या, पाखरीच्या डाव्या कुशीला अंग लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी खरंच हात मागे बांधले. गायीचं तोंड इंजिनाकडे, म्हणून त्यांचंही. आम्हाला दिसत होती ती फाळक्यावरची त्यांची पाठ, अंबाडा, आणि एकात एक गुंतवलेले ते जाड बोटांचे हात. मी ओरडलो, "बाई, धरा कशाला तरी." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

गाडी निघाली. मनहरण इतका हळू चालवत होता की मी शेजारून चालत जाऊ शकलो असतो. ब्रेकर आला. पुढची चाकं चढली, मग मागची. पाखरीचा लोंबता पाय पैऱ्यात सरकला आणि ती पूर्ण भारानिशी डावीकडे कलली. बाई जागच्या हलल्या नाहीत. फक्त ते मागे बांधलेले हात सुटले. त्यांनी दोन्ही हात पाखरीच्या मानेभोवती टाकले आणि गाल तिच्या वशिंडाला टेकवला.

गाडी ब्रेकरवरून उतरली. पुढे रस्ता सपाट होता. मी बघत राहिलो, आता हात सोडतील, आता मागे घेतील. वळणापर्यंत गाडी दिसत होती. तोवर तरी त्यांनी सोडले नव्हते.